ख्वॅ नदीकाठची दोन दिवसांची सहल : एका आराखड्याचे वाचन

साहित्याच्या अभ्यासकाने सहलीचा आराखडा वाचायला घ्यावा का, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. माझ्या मते जरूर घ्यावा. कुठे थांबायचे, कुठे नुसते गाडीच्या काचेतून पाहायचे आणि कुठून काही न कळताच पुढे निघून जायचे, हे आराखडा ठरवत असतो. आणि ते ठरवण्याआधी त्याने कुठले तरी पुस्तक वाचलेले असते किंवा कुठला तरी सिनेमा पाहिलेला असतो. थायलंडच्या पश्चिमेकडील ख्वॅ नदीच्या बाबतीत तर हा संबंध इतका उघड आहे की, एका कादंबरीने आणि तिच्यावरच्या चित्रपटाने तिथल्या नदीचे नावच बदलून टाकले. गेली काही वर्षे मी या नदीकाठच्या सहलींचे छापील आणि तोंडी आराखडे गोळा करतो आहे. बँकॉकमध्ये नोकरीला असलेल्या भाचीने पाठवलेला एक त्यांत आहे, मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या सहलींची पत्रके आहेत, जुन्या इंग्रजी मार्गदर्शिका आहेत. त्या सगळ्यांत मिळून एकच मजकूर आहे, असे म्हटले तरी चालेल. तो मजकूर काय सांगतो आणि काय गाळतो, हे पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

मजकूर साधारण असा. शनिवारी सकाळी बँकॉक सोडायचे. पश्चिमेला सुमारे १३० किलोमीटरवर कांचनबुरी हे गाव आहे. (नाव आपलेच, कांचनपुरी.) दहा-साडेदहाला पुलावर पोहोचायचे, रुळांवरून चालत पलीकडे जायचे, फोटो काढायचे. तरंगत्या हॉटेलात जेवण. दुपारी युद्धकैद्यांची दफनभूमी आणि एखादे संग्रहालय. संध्याकाळी ख्वॅ नोय नदीवरच्या तराफ्यावरील खोलीत मुक्काम. रविवारी सकाळी थाम क्रासॅ इथल्या लाकडी पुलावरून आगगाडीचा प्रवास, मग ‘हेलफायर पास’ची खिंड, साय योक नोयचा धबधबा, आणि अंधार पडायच्या आत परतीची वाट. आपल्याकडच्या काही सहलींत तर हे एका दिवसावर येते : सकाळी तरंगता बाजार, दुपारी पूल, रात्री पुन्हा बँकॉक. गंमत अशी की, यांतल्या बहुतेक आराखड्यांच्या माथ्यावर ‘आरामशीर’ हा शब्द असतो. दोन दिवसांत आठ थांबे, आणि वर आराम!

पण माझी तक्रार घाईपेक्षा वेगळ्या गोष्टीविषयी आहे. या मजकुराला केंद्र आहे ते पुलाचे, आणि तो पूल एका फ्रेंच लेखकाने दिलेला आहे.

प्येर बूल हा इंजिनिअर होता. मलायातल्या रबराच्या मळ्यांवर त्याने काम केले. युद्धात तो इंडोचीनमध्ये पकडला गेला. सयाम-ब्रह्मदेश रेल्वेवर तो कधीही नव्हता. १९५२ मध्ये त्याची कादंबरी आली. रेल्वे ख्वॅ नावाच्या नदीच्या काठाकाठाने जाते एवढे त्याला ठाऊक होते, म्हणून त्याने पूलही त्याच नदीवर टाकला. प्रत्यक्षात कांचनबुरीजवळचा मोठा पूल ज्या प्रवाहावर होता त्याला तेव्हा मॅ क्लोंग म्हणत. ख्वॅ नोय ही नदी त्याला पुलाच्या थोडे खाली येऊन मिळते. रेल्वे पूल ओलांडते आणि मग तिच्या खोऱ्यात शिरते. १९५७ मध्ये डेव्हिड लीनचा चित्रपट आला, त्याला सात ऑस्कर पारितोषिके मिळाली, आणि जगभरातले लोक कांचनबुरीला येऊन क्वाय नदीवरचा पूल कुठे आहे असे विचारू लागले. पूल होता, पण त्या नावाच्या नदीवर नव्हता. मग १९६० च्या दशकात संगमाच्या वरच्या मॅ क्लोंगला ‘ख्वॅ याय’ म्हणजे थोरली ख्वॅ असे नाव देण्यात आले. लेखकाची चूक भूगोलाने दुरुस्त करून घेतली.

इथे उच्चाराबद्दल दोन शब्द. थाय लिपी मी पन्नाशीच्या उंबरठ्यावर शिकलो, तीही रस्त्यावरच्या पाट्या वाचण्यापुरती. पण तेवढ्यानेही पुष्कळ कळते. ‘ख्वॅ’ म्हणजे उपनदी, नदीचा फाटा. ते विशेषनामदेखील नाही. ‘ख्वाय’ म्हणजे म्हैस. इंग्रजी स्पेलिंगवरून जगाने जो उच्चार उचलला, तो थाय कानाला म्हशीच्या जवळचा वाटतो. देवनागरीत हा फरक स्वरचिन्हाने सहज दाखवता येतो, तरी आपली पत्रके ‘क्वाय’च छापतात, कारण ती इंग्रजीतून उतरवलेली असतात. पुलाच्या जागेचे जुने नाव था माखाम. ‘था’ म्हणजे नदीवरचा घाट, ‘माखाम’ म्हणजे चिंच. चिंचघाट म्हणावे असे हे गाव. ते नाव मी पाहिलेल्या एकाही आराखड्यात नाही.

चित्रपटाविषयी मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. शिट्टीची ती धून आपल्याकडच्या शाळांच्या बँडपथकांपर्यंत पोहोचली. ॲलेक गिनेसचा कर्नल निकोल्सन हे भूमिकेचे मोठे काम आहे, यात शंका नाही. शिस्तीच्या आणि कामाच्या अभिमानापोटी शत्रूसाठी उत्तम पूल बांधून देणारा हा अधिकारी म्हणजे कर्तव्यबुद्धीचे विडंबन आहे आणि शोकांतिकाही. मात्र तो उभा राहण्यासाठी कथेला एक किंमत मोजावी लागली. जपानी इंजिनिअरांना पूल बांधता येत नाही आणि ब्रिटिश येऊन तो नीट बांधून दाखवतात, ही कल्पना त्यासाठी आवश्यक होती. वास्तव उलटे होते. रेल्वेची आखणी आणि पुलांचे आराखडे जपानी इंजिनिअरांचे होते, लोखंडी कमानी जावातून आणल्या होत्या. था माखामच्या छावणीतला वरिष्ठ ब्रिटिश अधिकारी फिलिप टूझी याने काम जमेल तितके लांबवले. लाकडी पुलाला लागावी म्हणून कैद्यांनी वाळवी गोळा करून आणल्याचेही सांगितले जाते. निकोल्सनमुळे टूझीची बदनामी झाली, असे परतलेल्या कैद्यांना वाटत राहिले.

कादंबरीत शेवटी पूल उभाच राहतो. चित्रपटात तो गाडीसकट नदीत कोसळतो. खरा पूल यांपैकी काहीच करत नाही : दोस्तांच्या बाँबहल्ल्यांत त्याचे मधले गाळे पडले आणि युद्धानंतर जपानने भरपाई म्हणून ते बसवून दिले. आज पुलावर उभे राहिले की गोलाकार कमानींच्या मध्येच दोन सरळसोट, कोनाच्या कमानी दिसतात. त्या दुरुस्तीच्या. एखाद्या पोथीत मधली पाने दुसऱ्याच्या हातची असावीत तशा त्या ओळखू येतात. आराखडे पुलावर तासभर देतात, पण या कमानींकडे बोट दाखवत नाहीत. दरवर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस तिथे ध्वनिप्रकाशाचा खेळ होतो. त्यात बाँबहल्ला शोभेच्या दारूने पुन्हा घडवतात, आणि गर्दी तेव्हा सर्वांत जास्त असते. लीनचा चित्रपट सिलोनमध्ये, केलानी नदीवर चित्रित झाला होता. म्हणजे जो पूल पाहायला लोक कांचनबुरीला येतात, तो त्यांनी पडद्यावर पाहिला श्रीलंकेत, आणि कागदावर तो होता बूलच्या कल्पनेत.

(जाता जाता एक. पटकथेचे ऑस्कर बूलला मिळाले. त्याने ती लिहिलेली नव्हती. लिहिणारे कार्ल फोरमन आणि मायकेल विल्सन हॉलिवूडच्या काळ्या यादीत असल्यामुळे त्यांची नावे लावता आली नाहीत. १९८४ मध्ये, दोघांच्याही मृत्यूनंतर, पारितोषिक त्यांच्या नावे झाले. या रेल्वेच्या कथेत श्रम एकाचे आणि नाव दुसऱ्याचे, हा प्रकार अगदी श्रेयनामावलीपर्यंत पोहोचला आहे.)

आता मुख्य मुद्दा. ही रेल्वे ४१५ किलोमीटर लांब. नोंग प्लादुकपासून ब्रह्मदेशातल्या थान्ब्यूझायातपर्यंत ती १९४२ च्या उत्तरार्धात सुरू होऊन ऑक्टोबर १९४३ मध्ये जोडली गेली. तिच्यावर साठ हजारांहून अधिक ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, डच आणि काही अमेरिकन युद्धकैदी राबले. त्यांतले १२,००० पेक्षा जास्त मेले. कांचनबुरीच्या मुख्य दफनभूमीत जवळपास ७,००० जणांच्या नावाच्या पाट्या आहेत. हिरवळ छाटलेली, प्रत्येक पाटीशेजारी फुलझाड, नाव, वय, पलटण. तिथे गेलेला माणूस हलल्याशिवाय राहत नाही, आणि राहू नये.

पण याच रेल्वेवर दोन लाखांच्या आसपास, कदाचित त्याहून अधिक आशियाई मजूर होते. ब्रह्मी होते, जावाचे होते, मलायातले मलय आणि चिनी होते, आणि मलायातल्याच रबराच्या मळ्यांवरून आणलेले तमिळ होते. कुणाला पगाराचे आमिष दाखवले, कुणाला सरळ उचलून गाडीत घातले. त्यांना स्वतःचे अधिकारी नव्हते, डॉक्टर नव्हते, यादी करणारा कारकून नव्हता. १९४३ च्या पावसाळ्यात पटकीची साथ आली तेव्हा कैद्यांच्या छावण्यांत पाणी उकळून पिण्याची शिस्त लावणारे वैद्यकीय अधिकारी निदान होते. मजुरांच्या छावण्यांत तेही नव्हते. मृत्यूंचा सर्वसाधारण अंदाज ९०,००० च्या घरात जातो. अंदाजच, कारण मोजलेच नाही कुणी. ज्या आराखड्याला आपण सहलीचा आराखडा म्हणतो तो आकड्यांच्या हिशेबाने पाहिला, तर मेलेल्या दर आठ माणसांपैकी एकाला तो भेटतो आणि सातांना वगळतो.

हे वगळणे आराखडा करणाऱ्याच्या मनातल्या दुष्टाव्यामुळे होत नाही. त्याला थांबायला जागाच दिसत नाही. दफनभूमी तिथे आहे जिथे नावे आहेत. वाट छायछुम्फोन या विहाराच्या आवारात १९७७ मध्ये एका संग्रहालयाची सुरुवात झाली. बांबूच्या लांबट झोपड्या, कैद्यांच्या छावणीसारख्या. त्याचे नाव ‘जीथ’. जपान, इंग्लंड, अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया, थायलंड, हॉलंड यांच्या इंग्रजी आद्याक्षरांपासून बनलेले, आणि मृत्यूसाठीच्या इंग्रजी शब्दाशी यमक साधणारे. शब्द जुळवणाऱ्याचे कौतुक वाटते, आणि मग लक्षात येते की या पाच अक्षरांत ब्रह्मदेश नाही, मलाया नाही, जावा नाही. सर्वांत जास्त माणसे जिथली मेली ते देश त्या शब्दात बसले नाहीत. दफनभूमीला लागून २००३ पासून दुसरे, अधिक काटेकोर संग्रहालय आहे. रॉड बीटी या ऑस्ट्रेलियन अभ्यासकाने वर्षानुवर्षे जंगलात फिरून रेल्वेचा मार्ग शोधला, त्यातून ते उभे राहिले. तिथे मजुरांची दखल आहे. बहुतेक आराखड्यांत या दोन्हींपैकी ‘एखादे संग्रहालय’ असते, कोणते ते वाहनतळ कुठे मिळेल यावर ठरते.

पुढच्या पुस्तकांनीही हे केंद्र फारसे हलवले नाही. एरिक लोमॅक्सचे ‘द रेल्वे मॅन’ (१९९५) प्रामाणिक आणि धैर्याचे आत्मकथन आहे. छळ झालेला कैदी आणि त्या छळाच्या वेळचा दुभाषा नागासे यांची वृद्धपणी झालेली भेट त्यात आहे. रिचर्ड फ्लॅनगनचे वडील या रेल्वेवर कैदी होते. त्याच्या ‘द नॅरो रोड टू द डीप नॉर्थ’ या कादंबरीला २०१४ चे बुकर मिळाले, आणि माझ्या मते ती बूलच्या कादंबरीपेक्षा कितीतरी मोठी आहे. पण दोन्हींत आपण कैद्याच्या खांद्यावरून पाहतो. मजुरांच्या बाजूने पाहायचे तर मलेशियातल्या तमिळकडे वळावे लागते. तिथे या रेल्वेचे नावच ‘सयाम मरण रयिल’ असे आहे आणि त्याच नावाची एक कादंबरीही आहे. मरण हा शब्द त्यांचा आणि आपला एकच. मराठीत आपण ‘डेथ रेल्वे’ लिहितो.

मग प्रश्न असा येतो, आणि तो मला अनेकांनी विचारला आहे : अशा ठिकाणी आरामशीर सहल करावीच का? तराफ्यावर बसून मासे खावेत, नदीत डुंबावे, आणि दुसऱ्या दिवशी खिंड पाहून हळहळावे, हे शोभते का? मला हा प्रश्न मोलाचा वाटतो, पण तो ज्या गृहीतावर उभा आहे ते गृहीत परके आहे. मौज वेगळी, शोक वेगळा, आणि एकाने दुसरा बाटतो, असे ते गृहीत. थाय साहित्यात नदीवरच्या प्रवासाचा एक संपूर्ण काव्यप्रकार आहे, आणि तो याच्या उलट सांगतो.

त्या प्रकाराचे नाव निरात. मूळ शब्द संस्कृत ‘निराश’. थायमध्ये लिहिताना शेवटी आजही ‘श’च लिहितात, उच्चारताना त्याचा ‘त’ होतो. कवी घरापासून, प्रिय माणसापासून दूर निघाला आहे, बहुधा होडीने. वाटेत घाट येतात, गावे येतात, झाडे, बाजार, विहार येतात. आणि प्रत्येक ठिकाणाच्या नावावर श्लेष साधत तो आपला विरह सांगतो. चिंचेच्या घाटाला लागला की चिंचेवरून काही आठवते, लाल मातीच्या घाटाला लागला की लाल मातीवरून. मध्येच बाजारातली थट्टा असते, खाण्याचे वर्णन असते, सोबत्यांच्या खोड्या असतात. सुनथोन फू (१७८६–१८५५) हा या प्रकाराचा सर्वांत लाडका कवी. आपल्याकडे नर्मदा परिक्रमेची पुस्तके वाचणाऱ्यांना नदीकाठच्या प्रवासाचे स्वतंत्र साहित्य असते हे नवे नाही. फरक एवढाच की परिक्रमेत पुण्य मिळवायचे असते, निरातमध्ये काही मिळवायचे नसते. विरह आणि बाजार एकाच होडीत बसतात. कुणी कुणाला बाटवत नाही.

आणि हा काही ख्वॅच्या खोऱ्यावर बाहेरून आणून लादलेला मापदंड नाही. या नदीला तिचे स्वतःचे निरात आहे. बँकॉकच्या राजघराण्याचा संस्थापक पहिला राम याने १७८६ मध्ये था दिन दॅंग इथे ब्रह्मी सैन्याशी झालेल्या लढाईवर दीर्घ काव्य रचले. ‘दिन दॅंग’ म्हणजे लाल माती. ही जागा ख्वॅ नोयच्या वरच्या खोऱ्यातली. सैन्य बँकॉकहून पाण्यावाटे वर गेले, आणि काव्यातही आधी तो जलप्रवास आणि मागे राहिलेल्यांचा विरह येतो, मग लढाई. म्हणजे बूलच्या कादंबरीच्या १६६ वर्षे आधी या नदीवर युद्ध, प्रवास आणि वियोग यांचे एक पुस्तक होते. पुढे १८८८ मध्ये राजा चुलालोंगकोर्नच्या साय योकच्या सहलीनंतर राजपुत्र नरिस याने ‘खमेन साय योक’ हे गीत रचले. धबधब्याचे ते गीत थाय शास्त्रीय संगीतात आजही वाजते. राजाची ती सहलच होती, आणि आरामशीरच असावी. यांतले काहीही सहलीच्या पत्रकांत नाही. जणू १९५२ पूर्वी या नदीला पाणीच नव्हते.

निरातची मर्यादाही सांगितली पाहिजे. तो दरबारात वाढलेला प्रकार आहे. विरह कवीचा असतो, वल्हेकऱ्यांचा नाही. राजाच्या काव्यात शिपायांची नावे शोधायला जाऊ नये. शिवाय तो नावांवर जगतो, आणि मजुरांची नावे तर गेलीच आहेत. तरीही त्यातून एक गोष्ट उसनी घेता येते : माणसाचे नाव नसेल, तर जागेचे नाव उच्चारून थांबायचे. खिंडीचेच पाहा. इंग्रजीत ती ‘हेलफायर पास’, नरकाग्नीची खिंड. मशालींच्या उजेडात रात्री खडक फोडणाऱ्या हाडकुळ्या माणसांची दृश्ये पाहून कैद्यांनी दिलेले हे नाव. त्यामागे ख्रिस्ती नरकाचे चित्र आहे. थायमध्ये तिला छोंग खाओ खात म्हणतात : डोंगर तुटला ती फट. एक नाव पाहणाऱ्याला काय वाटले ते सांगते, दुसरे डोंगराचे काय झाले ते. दोन्ही पाट्या रस्त्यावर एकाखाली एक आहेत. तिथे १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियाने संग्रहालय उभारले आहे, आणि खिंडीतून चालायची वाट राखली आहे. छिन्नीची अर्धी राहिलेली भोके खडकात बोटाने चाचपता येतात.

तेव्हा या वाचनातून माझा आराखडा कसा होतो, ते थोडक्यात मांडतो. तो टीकेचाच भाग समजावा.

बँकॉकहून निघताना बांग याय ते कांचनबुरी हा ९६ किलोमीटरचा नवा द्रुतगती मार्ग घेऊ नये. जुन्या रस्त्याने नाखोन पाथोम, म्हणजे आपले ‘नगर प्रथम’, तिथला मोठा स्तूप, आणि मग बान पोंग. बान पोंगला सगळे आराखडे पाऊण मिनिटात ओलांडतात. सिंगापूरहून मालाच्या बंद डब्यांतून आणलेले कैदी इथे उतरवले जात. डिसेंबर १९४२ मध्ये कैद्यांना सिगारेटी देणाऱ्या एका बौद्ध भिक्षूला जपानी शिपायाने मारले, त्यावरून इथे दंगल झाली आणि दोन सरकारांमधले संबंध ताणले गेले. सरकार जपानच्या बाजूला असताना रस्त्यावरचा माणूस कुठे होता, ते या घटनेत दिसते. त्याच रांगेत कांचनबुरीच्या पाक फ्रॅक रस्त्यावरचा व्यापारी बूनपोंग येतो. छावण्यांना भाजीपाला पुरवता पुरवता तो आतल्या डॉक्टरांना चोरून औषधे पोहोचवत असे. त्याचे घर-दुकान पाहायला पंधरा मिनिटे पुरतात. पाक फ्रॅक म्हणजे फाट्याचे तोंड. दोन नद्यांचा संगम जवळच आहे, आणि मॅ क्लोंग या नावाने नदी तिथून पुढे वाहते.

पूल पाहावा, पण सकाळी लवकर, आणि चिंचघाट म्हणून पाहावा. मग दफनभूमी. त्यानंतर त्याच दिवशी, त्याच पायांनी, वाट थावोन वराराम. गावातलेच हे देऊळ. त्याच्या आवारात आशियाई मजुरांच्या अस्थींवर बांधलेले स्मारक आहे. दफनभूमीपासून ते दूर नाही. इथे हिरवळ नाही, वय आणि पलटण नाही. दोन्ही ठिकाणे लागोपाठ पाहिल्याशिवाय एकही पाहिल्यासारखे होत नाही, असे माझे ठाम मत आहे.

दुपारनंतर काही पाहू नये. ख्वॅ नोयच्या काठी मुक्काम करावा, मासे खावेत, पाण्याकडे बघत बसावे. पाणी चढते-उतरते ते वरच्या धरणामुळे : १९८० च्या दशकात खाओ लॅमच्या धरणाने रेल्वेच्या वरच्या मार्गाचा काही भाग आणि सांख्लाबुरीचे जुने गाव पोटात घेतले. सांख्लाबुरी, तिथला मोन लोकांचा लांबलचक लाकडी पूल, तीन नद्यांचा संगम हे सारे मोहात पाडणारे आहे, पण कांचनबुरीपासून ते दोनशेहून अधिक किलोमीटर आहे. दोन दिवसांच्या सहलीत ते कोंबणे म्हणजे दिवाळी अंकातली कादंबरी अनुक्रमणिकेवरून वाचणे. ते राहू द्यावे.

मोसमाबद्दल आराखड्यांचे एकमत आहे : नोव्हेंबर ते जानेवारी. हवा छान असते, खरे आहे. पण या रेल्वेची गोष्ट पावसाळ्यातली आहे. जून ते सप्टेंबरमध्ये गेल्यास साय योक नोयच्या धबधब्याला भरपूर पाणी असते, खिंडीतली वाट निसरडी असते, आणि चिखलात उभे राहून दगड उचलणे म्हणजे काय असेल याचा अंगाला थोडासा अदमास येतो. छत्री न्यावी.

रविवारी आधी खिंड, उन्हे चढण्यापूर्वी. मग नाम तोक स्थानकावर गाडी लावून आगगाडीने थाम क्रासॅपर्यंत खाली यावे आणि पुढच्या गाडीने परत जावे. ३२३ क्रमांकाचा महामार्ग नदीच्या बाजूने जातो खरा, पण नदी त्यावरून क्वचितच दिसते. रेल्वेवरून ती सारखी दिसते, आणि कड्याला चिकटलेल्या लाकडी पुलावर गाडी चालत्या माणसाच्या वेगाला येते. एवढा भाग तरी होडीच्या चालीने पाहून होतो. डब्यात शेंगा आणि तळलेली केळी विकणाऱ्या बायका असतात, शनिवार-रविवारी बँकॉकची कॉलेजची मुले असतात, गाणी चाललेली असतात. मला त्यांचा राग येत नाही.

नाम तोक म्हणजे नुसतेच ‘धबधबा’. इथे रूळ संपतात. युद्धानंतर थायलंडने ही रेल्वे विकत घेतली आणि टप्प्याटप्प्याने चालू केली : १९४९ मध्ये कांचनबुरीपर्यंत, १९५२ मध्ये वांग फोपर्यंत, १९५८ मध्ये इथपर्यंत. त्यापुढचे रूळ उखडले गेले. मार्गाचा भराव मात्र जंगलात आहे, काही ठिकाणी बांबूच्या बेटांखाली, काही ठिकाणी उसाच्या शेतांमधून. आणि त्याच्या कडेला कुठे कुणाच्या छावण्या होत्या, याच्या नकाशावर मजुरांच्या छावण्यांची जागा अजून बरीचशी मोकळी आहे.